सरांच्या तोंडाला वास येतो, शाळेला सांगायचं कसं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा एका खासगी अनुदानित शाळेत सातवीत आहे. सकाळपाळीची शाळा. दिवाळीनंतर तीनचारदा घरी येऊन म्हणाला, ‘गणिताच्या सरच्या तोंडाचा वास येते.’ एकदा सरांनी एकच गणित फळ्यावर दोनदा सोडवलं आणि तिसऱ्यांदा लिहायला घेतलं. मुलं हसली तर डस्टर फेकून मारला, नशिबाने कुणाला लागला नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ‘दारुडा मास्तर हटवा’ असं टाकलंय. मी मुख्याध्यापकांना तोंडी सांगितलं तर म्हणाले, ‘पुरावा आणा.’ पुरावा कुठून आणू? आणि तक्रार केली तर पोरावर राग निघेल का?
(एक आई, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत. शाळा त्यातल्या अवघड तक्रारीचा पुरावा मागतेय आणि सोपी तक्रार आपसूक बाजूला पडतेय. डस्टर फेकला हे अख्ख्या वर्गाने पाहिलंय. सर प्यायले होते की नव्हते, त्याने त्यात काही फरक पडत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे आणि तसं करणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. म्हणून अर्जात डस्टर आधी, वास नंतर.

आता वासाबद्दल. दारू सिद्ध करणं पालकाचं काम नाहीच. रक्ताची तपासणी डॉक्टर करतात, चौकशी संस्था करते. तुम्ही फक्त मुलाने काय पाहिलं आणि कधी पाहिलं ते द्यायचं. ‘सर दारू पिऊन शिकवतात’ हे झालं निदान, आणि ते चुकू शकतं. ‘सर बाकाजवळ आले तेव्हा उग्र वास आला, बोलणं अडखळत होतं, खुर्चीचा आधार घेऊन उभे होते’ हे निरीक्षण. ते कुणी खोडून काढत नाही. मुख्याध्यापकालाही त्यावर पाऊल उचलणं सोपं जातं, कारण त्याला तुमच्या आरोपाची बाजू घ्यावी लागत नाही.

वही घ्या आणि तारीख, कितवा तास, काय दिसलं, कुणी सांगितलं, असे चार रकाने पाडा. मुलाला एकदाच विचारा आणि मोकळं विचारा : ‘आज गणिताच्या तासाला काय झालं?’ ‘सर झुलत होते का रे?’ असं विचारलंत की मूल ‘हो’ म्हणतं, आणि पुढे चौकशीत तेच उत्तर शिकवल्यासारखं ऐकू येतं. रोज घरी आल्या आल्या उलटतपासणी नको. मुलाला वास घ्यायला पाठवणं, दप्तरात मोबाइल देऊन व्हिडिओ काढायला लावणं तर अजिबात नको. असा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावभर फिरतो, आणि मग शाळेत चर्चा सरांची न होता मोबाइल आणणाऱ्या मुलाची होते.

निदान लिहू नका म्हणण्यामागे दुसरंही कारण आहे. दारूसारखं दिसणारं बरंच काही असतं. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर उतरली की घाम फुटतो, जीभ जड होते, चिडचिड होते, तोल जातो. साखर फार वाढून रक्तात आम्ल साचलं तर श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येतो. फिटच्या काही गोळ्यांचा डोस जास्त झाला की माणूस झोकांड्या खातो. कंपवाताने हात थरथरतात. सर्दीच्या गोळीने भर तासाला झापड येते. उग्र वास खर्ऱ्याचाही, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचाही, असतो. (शाळेत खर्रा खाणं हीसुद्धा तक्रारच आहे, पण वेगळी.)

उलट, सर सकाळी काहीही न पिता आलेले असूनही वास येऊ शकतो. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलिलिटर व्हिस्की किंवा रममध्ये, साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत तासाला ढोबळमानाने 7 ते 10 ग्रॅम जिरवतं. म्हणजे एक क्वार्टर उतरायला सहा ते साडेआठ तास. हाफ, म्हणजे 375 मिलिलिटर, रात्री बाराला संपवला तर दुसऱ्या दिवशी दुपारीही थोडं अल्कोहोल रक्तात असतं. अंघोळ, कडक चहा, लिंबूपाणी यांनी हा वेग वाढत नाही. सकाळपाळीच्या शाळेत ही अडचण जास्त दिसते आणि ‘मी शाळेत कधी पीत नाही’ असं तो माणूस अगदी खरं बोलत असतो. रोज पिणाऱ्याचे हात तर दारू उतरल्यावर थरथरतात, शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत. म्हणून शाळेला ‘सर पितात का’ हे विचारण्यात अर्थ नाही. ‘सर वर्ग घेण्याच्या स्थितीत असतात का, हे रोज पहिल्या तासाआधी कोण बघतं?’ हे विचारा.

अर्ज एका पानाचा पुरे. नमुना असा :

‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : इयत्ता 7 वी ‘ब’मध्ये गणिताच्या तासाला घडलेल्या घटना व मुलांची सुरक्षितता. महोदय, माझा मुलगा वरील वर्गात शिकतो. दि. 21 नोव्हेंबर रोजी तिसऱ्या तासाला शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या दिशेने डस्टर फेकला. त्याच तासाला एकच उदाहरण तीन वेळा फळ्यावर लिहिलं गेलं. दि. 25 व 28 नोव्हेंबर रोजी शिक्षक जवळ आले असता उग्र वास आल्याचं व बोलणं अडखळत असल्याचं मुलाने सांगितलं. याचं कारण मला माहीत नाही. ते प्रकृतीचंही असू शकेल. मात्र मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने आपण स्वतः लक्ष घालावं, तोपर्यंत या तासाला पर्यायी व्यवस्था किंवा पर्यवेक्षण ठेवावं, शिक्षकांच्या उपस्थितीत माझ्या मुलाची विचारपूस करू नये, आणि केलेल्या व्यवस्थेबद्दल मला आठ दिवसांत लेखी कळवावं, ही विनंती.’

‘कारण मला माहीत नाही’ हे वाक्य गाळू नका. ते खरं आहे, आणि उद्या कुणी बदनामीची नोटीस पाठवली तर उपयोगी पडतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीचे अपवाद दिले आहेत. ज्या अधिकाऱ्याला त्या व्यक्तीवर कारवाईचा अधिकार आहे, त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा त्यातला एक. मुख्याध्यापक, संस्था, शिक्षणाधिकारी हे त्यात बसतात. दोनशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप बसत नाही. ती ‘दारुडा मास्तर’वाली पोस्ट ज्याने टाकली त्याला आजच काढायला सांगा, आणि तुम्ही स्वतः त्यावर अंगठासुद्धा देऊ नका.

अर्जाच्या दोन प्रती न्या. कार्यालयात एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. लिपिक ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणाला तर शिक्का मिळेपर्यंत अर्ज हातातून सोडू नका. फारच टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा. बऱ्याच तक्रारी इथेच मरतात. तोंडी सांगितलेलं वर्षअखेर कुणालाच आठवत नाही.

इतर पालकांनी साथ द्यावी, पण ज्यांची मुलं त्याच वर्गात आहेत त्यांनीच, आणि प्रत्येकाने आपल्या मुलाने पाहिलेलं आपल्या शब्दांत लिहावं. एकाच मजकुराखाली चाळीस सह्या गोळा केल्या की त्यातल्या तीस जणांनी काहीच पाहिलेलं नसतं, आणि चौकशीत नेमके तेच पहिले गळतात. नगरसेवकाला घेऊन शाळेवर धडकायचा मोह आवरा. तसं झालं की संस्था बचावात जाते, शिक्षक संघटना सरांच्या मागे उभी राहते, आणि प्रश्न सातवी ‘ब’चा राहत नाही. भेटायला दोघंच जा, शाळा सुटायच्या गर्दीत नको, आधी वेळ घेऊन.

आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच अर्ज, पोच जोडून, संस्थेच्या सचिवांना. त्यानंतर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांना. मुलाच्या हक्काबद्दलची तक्रार म्हणून शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडेही जाता येतं. शहरात ते महापालिका. तिथे दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असतेच आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. त्यातल्या एखाद्याला विषय बैठकीत घ्यायला सांगा, पण इतिवृत्तात सरांचं नाव आणि आरोप न लिहिता ‘7 वी ब, गणित, पर्यायी व्यवस्था’ एवढंच येऊ द्या.

दोन गोष्टींची अपेक्षा मात्र ठेवू नका. ‘सरांवर काय कारवाई केली’ हे शाळा सांगेलच असं नाही. वर्गाची व्यवस्था काय केली हे मात्र सांगावंच लागेल, तेच धरून बसा. आणि सरांना उद्या काढून टाकतील असंही नाही. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली आहे. मोठी शिक्षा द्यायची तर आधी आरोपांचं निवेदन, त्यावर खुलासा, मग तीन सदस्यांची चौकशी समिती, हे सगळं करावं लागतं. त्या तिघांत एक जण सरांनी स्वतः निवडलेला असतो. हे टाळून काढलेला शिक्षक शाळा न्यायाधिकरणातून परत येतो, मागच्या पगारासकट.

मुलावर राग निघण्याची भीती अनाठायी नाही. त्याच्या गणिताच्या वह्या आणि तपासलेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिकांचे फोटो तारखेनिशी ठेवा. गुण अचानक घसरले तर दुसऱ्या शिक्षकाकडून फेरतपासणी मागता येते. मुलाला एवढंच सांगा की तू काही चुकीचं केलं नाहीस आणि वर्गात याबद्दल बोलू नकोस. घरी सरांची नक्कल करून हसणं बंद करा; मूल ती नक्कल दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत करून दाखवतं.

प्रश्न : मी एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. आमचे एक जुने, चांगले शिकवणारे शिक्षक अलीकडे कधीकधी त्या अवस्थेत येतात. संस्थाचालक म्हणतात, ‘समोर बसवून राजीनामा लिहून घ्या, विषय संपवा.’ दुसरा मार्ग आहे का?
(नाव प्रसिद्ध करू नये, कामठी रोड)

उत्तर : तसा राजीनामा टिकणार नाही. 1977 च्या कायद्याच्या कलम 7 प्रमाणे कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख घालून करायचा आणि एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची असते. ही तरतूद दबावाखालच्या राजीनाम्यांना आळा बसावा म्हणूनच आहे. टेबलावर लिहून घेतलेला कागद न्यायाधिकरणात तुमच्यावर उलटेल, आणि साक्षीला संस्थाचालक नाही, तुम्ही उभ्या राहाल.

त्या अवस्थेत आले त्या दिवशी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. त्यांना वर्गातून ‘ऑफिसात फोन आहे’ म्हणून बोलवा. मुलांसमोर एक शब्दही नको. वर्गावर लगेच दुसरं कुणी पाठवा. खोलीत तुम्ही आणि एक ज्येष्ठ सहकारी, एवढेच. आधी तब्येत विचारा : मधुमेह आहे का, कुठली गोळी घेतली, काही खाल्लं का? साखर मोजायचं यंत्र शाळेत असेल तर त्यांना विचारून मोजा, कारण साखर उतरलेल्या माणसाला ‘प्यायलाय’ म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवलं तर जिवावर बेतू शकतं. शंका असली तर सरळ डॉक्टरकडे न्या. तपासणीला नाही म्हणाले तर बळजबरी करू नका, ‘सुचवलं, नकार दिला’ एवढं लिहा. गाडीची किल्ली मात्र देऊ नका. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि त्यापेक्षा मोठा धोका म्हणजे शाळेच्या फाटकातून बाहेर पडतानाच एखादं मूल समोर यायचं. घरच्यांना बोलवून सोपवा.

त्याच दिवशी टिपण लिहा : वेळ, काय दिसलं, काय बोलले, कोण हजर होतं, दोघांच्या सह्या. त्यात ‘मद्यधुंद’ हा शब्द नको. ‘चालताना दोनदा भिंतीचा आधार घेतला’ असं हवं. समजपत्र दुसऱ्या दिवशी, ते शुद्धीत असताना, हातात द्या. हातात द्यायच्या आधी एक तास मोकळा ठेवून बोला. बहुतेक वेळा समोरचा म्हणतो, ‘मॅडम, उद्यापासून सोडतो, पोरांची शप्पथ.’ ही शपथ मानू नका आणि घेऊही देऊ नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, ताप, भास होऊ शकतात, आणि त्यात माणसं दगावतात. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना पैसे लागत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही. उपचारानंतरचे महिने तिथे निभावतात.

वैद्यकीय रजा द्या. परत आल्यावर पहिल्या तासाआधी तुमच्याकडे येऊन सही करायची, सहलीची किंवा एकट्याने मुलं नेण्याची जबाबदारी काही महिने नाही, उपचाराचे कागद दर महिन्याला, अशा अटी लेखी ठेवा. अटी मोडल्या तर रीतसर चौकशी लावा, तेव्हा मागचे सगळे कागद कामी येतील. चांगले शिकवतात म्हणून तुम्ही आतापर्यंत तासांची अदलाबदल करून त्यांना सांभाळून घेतलं असेल. ते आता थांबवा. सहकाऱ्यांनी असं झाकलं की आजार आणखी पुढे सरकतो, आणि दरवर्षी एक नवा वर्ग त्यांच्यासमोर बसतो.

प्रश्न : मुलीच्या वर्गशिक्षकांना मी शनिवारी रात्री धरमपेठेतल्या एका बारमध्ये बिअर पिताना पाहिलं. शाळेला कळवू का?
(एक बाबा, नागपूर)

उत्तर : नाही. सुट्टीच्या आदल्या रात्री प्रौढ माणूस परवानाधारक बारमध्ये काय पितो, हा शाळेचा विषय नाही. सोमवारी वर्गात काही दिसलं तर वर दिलेला अर्ज आहेच. आणि तुम्हीही त्या वेळी तिथेच होतात, हे त्या सरांच्या लक्षात आलं असेल.

प्रश्न : आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत एक गुरुजी दुपारी मोठ्या मुलांना पैसे देऊन गावातून दारू आणायला पाठवतात. सरपंच म्हणतात, समजावून सांगू. थांबावं का?
(एक पालक, हिंगणा तालुका)

उत्तर : थांबू नका. वरच्या पत्रातलं सबुरीचं सगळं इथे गैरलागू आहे. मुलाकडून दारूची ने-आण करवून घेणं हा बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 78 खाली गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलाला दारू देणारा दुकानदार कलम 77 खाली येतो. आजच 1098 या चाइल्डलाइनला कळवा. गुरुजी त्या क्षणी शाळेत झिंगून गोंधळ घालत असतील तर 112. या दोन्ही ठिकाणी मुलांची नावं फोनवर सांगा, पण गावात कुणाला सांगू नका.

सोबत लेखी तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, प्रत मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नागपूर यांना. केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, सांगून थांबू नका. ते त्याच भागात नेहमी त्या गुरुजींना भेटतात, त्यांना ‘समजावून’ घेणं सोयीचं असतं. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि निलंबनाचा अधिकार जिल्हा परिषदेकडे आहे, ग्रामपंचायतीकडे नाही. सरपंचांना मदतच करायची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीची तातडीची बैठक लावून ठराव करू द्या. ठरावात तीन वाक्यं पुरेत : अमुक तारखेला अमुक वर्गातल्या दोन मुलांना शाळेच्या वेळेत दारू आणण्यास पाठवल्याचं समितीच्या निदर्शनास आलं, संबंधित शिक्षकाला मुलांपासून तात्काळ दूर ठेवावं, शाळा बंद पडू नये म्हणून पर्यायी शिक्षक द्यावा. तिसरं वाक्य विसरू नका. दोन शिक्षकी शाळेत एकाला हलवलं की दुसऱ्यावर चार वर्ग येतात, आणि महिन्याभरात गावच म्हणू लागतं की जुने गुरुजीच बरे होते.